विज्ञान-तंत्रज्ञानाची इंग्रजी भाषणं चिनीत सांगण्याचा सराव : अनुभव आणि मदत हवी

सुरसागरकाठी (धागाकर्ती)

नमस्कार मंडळी,

हा धागा काढीन काढीन म्हणता वर्ष गेलं.

मी बडोद्याची, दांडिया बाजारातल्या मराठी घरातली. दिल्लीत चिनी शिकले, वर्षभर तैवानात होते, आणि गेली सहा वर्षं करजण, हालोल, सावली या पट्ट्यातल्या कारखान्यांत दुभाषी म्हणून जाते. मशीन बसवताना मी मध्ये उभी असते. इकडचा इंजिनियर इंग्रजीत बोलतो, मी चिनीत सांगते. ते काम आता हाताला बसलंय. बोल्ट, गळती, वायरिंग यात भाषा थोडी लागते, बोट दाखवून बरंच भागतं.

अडतं ते भाषणात. उद्घाटन असतं, परिषद असते, बाहेरून आलेल्या शास्त्रज्ञाचं व्याख्यान असतं. तिथे बोट दाखवायला काही नसतं आणि वक्ता थांबत नाही. गेल्या वर्षी एका कार्यक्रमात पाहुणे इंग्रजीत म्हणाले, 'ट्वेल्व्ह हंड्रेड क्रोर'. मी चिनीत बाराशे 'यी' सांगून मोकळी झाले. एक यी म्हणजे दहा कोटी. म्हणजे बाराशे कोटींचे मी बारा हजार कोटी केले. पहिल्या रांगेत बसलेले चिनी व्यवस्थापक लिहून घेत होते, त्यांचं पेन कागदावर थांबलं आणि त्यांनी मान वळवून माझ्याकडे बघितलं. तेव्हा कळलं. पुढच्याच वाक्यात 'कंग-चंग', म्हणजे दुरुस्ती, असं म्हणून एकशे वीस यी सांगितलं. पण ते थांबलेलं पेन अजून डोळ्यांपुढे आहे.

त्या दिवसापासून दर रविवारी सकाळी साडेआठला घरी सराव करते. बाबा ट्रान्सफॉर्मरच्या कारखान्यातून निवृत्त झालेत. ते पाच मिनिटांचं इंग्रजी भाषण लिहून काढतात आणि वाचतात. मिनिटाला शंभर ते एकशेवीस शब्दांचा वेग बरा पडतो, त्यामुळे साधारण साडेपाचशे शब्द. ते थांबले की मी वहीवरून चिनीत सांगते. दुसऱ्यांदा ते न थांबता वाचतात आणि मी दोन-तीन सेकंद मागून बोलत राहते. फोनवर दोन्ही ध्वनिमुद्रित होतं. संयुक्त राष्ट्रांच्या वेब टीव्हीचाही उपयोग होतो: चिनी तिथल्या सहा अधिकृत भाषांपैकी एक आहे, त्यामुळे इंग्रजी भाषण आधी आपण सांगायचं आणि मग चिनी वाहिनी लावून तिथल्या दुभाष्याने तेच कसं सांगितलं ते ऐकायचं.

सुरुवातीला मी शब्दांच्या याद्या पाठ करत होते. सेमीकंडक्टरला 'पान-ताओ-थी', चिपला 'शिन-फिएन', अशा चारशे शब्दांची वही भरली. भाषणात त्या वहीने दगा दिला. एकदा वक्ता सिलिकॉनच्या 'डोपिंग'बद्दल बोलत होता आणि माझ्या तोंडात आला तो खेळाडूंच्या उत्तेजक औषधाचा शब्द. हवा होता 'छान-त्सा', मिसळणे.

मग एक वेगळी सवय लावली. भाषणाचा विषय आदल्या दिवशी आईला मराठीत सांगायचा. आई भेंडी चिरत होती, मी म्हटलं अर्धवाहक. ती म्हणाली, "म्हणजे अर्धीच वीज नेणारा का?" मला उत्तर देता आलं नाही. मी बसून वाचलं: शुद्ध सिलिकॉन फारशी वीज नेत नाही, पण त्यात फॉस्फरस किंवा बोरॉनचा अगदी किंचित अंश मिसळला की वहन वाढतं, आणि किती वाढवायचं ते आपल्या हातात राहतं. दुसऱ्या दिवशी ते आईला सांगितलं. त्यानंतर डोपिंग शब्द माझ्याकडून कधीही चुकलेला नाही.

माझं म्हणणं एवढंच आहे की चिनी शब्द नंतर, विषय आधी मराठीत समजायला हवा. हे कुणाला पटतं का, आणि तुम्ही असा सराव कसा करता किंवा कसा कराल, ते लिहा.

कमाटीबाग

वाचतेय. मी चिनीच्या दुसऱ्या वर्षाला आहे. आकडे ऐकले की माझा तर श्वासच अडकतो. ते नीट सांगाल का?

सुरसागरकाठी

@कमाटीबाग, सांगते, कारण अर्धी लढाई तिथेच असते.

इंग्रजी मोठ्या आकड्यांचे तीन-तीन अंकांचे गट करते, चिनी चार-चारचे. दहा हजाराला 'वान', आणि वान वेळा वान म्हणजे 'यी'. आपण दोघांच्या मध्ये बसतो. दहा वान म्हणजे एक लाख, हजार वान म्हणजे एक कोटी, दहा कोटी म्हणजे एक यी. इंग्रजी मिलियन म्हणजे आपले दहा लाख, म्हणजे शंभर वान. बिलियन म्हणजे अब्ज, म्हणजे दहा यी. आणि मला फार आवडणारी गोष्ट: ट्रिलियनला आपण म्हणतो लाख कोटी आणि ते म्हणतात 'वान यी'. दोन्हीकडे दोन मोठ्या शब्दांची जोडी.

चंद्राचं सरासरी अंतर घ्या, ३,८४,४०० किलोमीटर. वहीत उजवीकडून चार घरं सोडून उभी रेघ मारा: ३८|४४००. वाचा: अडतीस वान, चार हजार चारशे. विश्वाचं वय १३.८ अब्ज वर्षं, म्हणजे १३८ यी. भारतातल्या भाषणात तर वक्ते इंग्रजीतही क्रोरच म्हणतात, तेव्हा कोटींना दहाने भागलं की यी मिळतात. गुजरातेतल्या धोलेऱ्याच्या चिप कारखान्याचे ९१,००० कोटी म्हणजे ९,१०० यी. मी हा भागाकार विसरले म्हणून तो प्रकार झाला.

निवृत्त_मास्तर

बेटा, धागा मनापासून आवडला. चाळीस वर्षं मी गणित शिकवलं, म्हणून आकड्यांवरच दोन शब्द.

चिनीत टक्केवारी कशी सांगतात हे नातवाने मला सांगितलं होतं, साठ टक्के म्हणजे 'पाय-फन-चि' आधी आणि साठ नंतर. शंभरातले साठ. मी त्याला म्हटलं, अरे, आम्ही लहानपणी हेच म्हणत होतो, शेकडा साठ! व्याजाचा दर शेकडा सहा, आंब्यांचा भाव शेकडा अमुक. टक्के हा शब्द रुळला आणि शेकडा मागे पडला. तुम्ही सरावाच्या वेळी इंग्रजी पर्सेंट ऐकल्यावर मनात शेकडा आणा, चिनी क्रम आपोआप येईल.

मात्र एक धोका. मराठीत अडतीस म्हणताना आठ आधी येतो आणि तीस नंतर. इंग्रजी आणि चिनी दोन्हीत तीस आधी. आकडा मनातल्या मनात मराठीत उच्चारलात तर घाईत अडतीसचे त्र्याऐंशी व्हायला वेळ लागणार नाही. शाळेत मुलं बावन्न आणि पंचवीस असेच उलटे लिहीत.

सुरसागरकाठी

@निवृत्त_मास्तर, काका, शेकडा तर मला सुचलंच नव्हतं! आज बाबांना सांगितलं, ते म्हणाले त्यांच्या आईच्या तोंडी कायम शेकडाच असायचा. उलट्या आकड्यांचं तुमचं म्हणणं शंभर टक्के खरं आहे, म्हणजे शेकडा शंभर. म्हणून आकडा मी शब्दात आणतच नाही. कानावर पडला की थेट अंक कागदावर. बूथमध्येही, म्हणजे दुभाष्यांच्या बंद खोलीतही, शेजारचा जोडीदार माझ्यासाठी अंक लिहून समोर धरतो.

नदीपार

थोडं विरोधी मत मांडतो, राग नसावा. मी पुण्यात जर्मन-मराठी लिखित भाषांतर करतो. दोन शंका आहेत. एक, दुभाष्याने आपल्या मातृभाषेत सांगावं असा सर्वसाधारण दंडक आहे, तुम्ही तर परक्या भाषेत सांगताय. दोन, इंग्रजी ते चिनी या प्रवासात मराठीचा थांबा घेतला तर उशीर होणार. दोन-तीन सेकंदांत तीन भाषा कशा मावतील?

सुरसागरकाठी

@नदीपार, राग कसला, दोन्ही प्रश्न रास्त आहेत.

पहिल्याचं उत्तर असं की दंडक आहे, पण सगळीकडे एकसारखा नाही. संयुक्त राष्ट्रांत इंग्रजी, फ्रेंच, रशियन, स्पॅनिश बूथचे दुभाषी आपापल्या भाषेतच सांगतात. चिनी आणि अरबी बूथचे लोक मात्र दोन्ही दिशांनी काम करतात, आपल्या भाषेत आणि आपल्या भाषेतून बाहेरही. आणि बडोद्याच्या कारखान्यात चिनी मातृभाषा असलेला दुभाषी रोज कुठून आणणार? मीच आहे, तर मला ते चांगलं यायला हवं. परक्या भाषेत सांगताना माझी वाक्यं छोटी असतात. डौल कमी पडतो. यान फू या चिनी भाषांतरकाराने १८९८ साली भाषांतराच्या तीन कसोट्या लिहून ठेवल्या: शिन, ता, या. मूळाशी इमान, ऐकणाऱ्यापर्यंत पोचणं आणि डौल. विज्ञानाच्या भाषणात मी पहिल्या दोन सांभाळते आणि तिसरीची आस धरते.

दुसरं. मराठीचा थांबा तयारीत, आदल्या दिवशी. बोलताना नाही. विषय डोक्यात चित्रासारखा बसला की त्याला भाषा उरत नाही. मात्र एका ठिकाणी मराठी बोलतानाही पाठीशी उभी राहते, ती वाक्याच्या घडणीत. चांद्रयान-३ वरच्या एका उपकरणाबद्दल इंग्रजीत साधारण असं म्हणतात: उपकरण, जे मोजतं तापमान, जमिनीत दहा सेंटिमीटरपर्यंत. विशेषणाचं सगळं लटांबर नामाच्या मागे. चिनीत ते नामाच्या आधी यायला हवं आणि मध्ये 'त' हा छोटा शब्द लागतो. मराठीत आपण काय म्हणतो? 'जमिनीत दहा सेंटिमीटर खोल जाऊन तापमान मोजणारं उपकरण'. मोजणारं, आलेला, बनवलेलं, हीच चिनीची चाल आहे! वक्ता थांबल्यावर सांगायचं असेल तर ही रचना मला आयती मिळते.

पण त्याच्याबरोबरीने बोलताना ती उपयोगाची नाही, कारण नाम आधीच कानावर पडलेलं असतं. तिथे चिनी शिक्षक 'षुन-च्यू छ्यू-तुंग' शिकवतात, वाक्याच्या ओघाने पुढे जायचं. तुकडे पाडायचे. हे एक उपकरण आहे. ते जमिनीत दहा सेंटिमीटर उतरतं. तिथलं तापमान मोजतं. तिरुवनंतपुरम आणि अहमदाबादच्या प्रयोगशाळांनी मिळून केलंय. अशा चार छोट्या वाक्यांत सगळं येतं आणि श्रोता हरवत नाही.

नदीपार

पटलं. 'मोजणारं उपकरण' हे उदाहरण मी माझ्या विद्यार्थ्यांना देणार. जर्मनमध्येही नामाआधी अशी लांब विशेषणं येतात.

रोहित्र_४४०

मी मकरपुऱ्यात ट्रान्सफॉर्मर दुरुस्तीत आहे, म्हणून आत आलो. ताई, तुमच्या बाबांना माझा नमस्कार सांगा. महाराष्ट्रातल्या वीज खात्याच्या कागदांत ट्रान्सफॉर्मरला रोहित्र लिहितात, आम्ही बडोद्याचे मराठी मात्र ट्रान्सफॉर्मरच म्हणतो. चिनीत काय म्हणतात?

आणि एक सूचना. आमच्या धंद्यात 'रिड्यूस्ड टू' आणि 'रिड्यूस्ड बाय' यात जमीन-अस्मानाचा फरक आहे. लॉस तीस टक्क्यांनी कमी झाला की तीस टक्क्यांवर आला? भाषणात ते एवढंसं टू किंवा बाय ऐकूच येत नाही.

सुरसागरकाठी

@रोहित्र_४४०, भाऊ, चिनीत 'पिएन-या-छी', दाब बदलणारं यंत्र. व्होल्टेजला तेही आपल्यासारखं वीजदाबच म्हणतात.

या शब्दाने मला एकदा चांगलाच धडा दिला. कृत्रिम बुद्धिमत्तेवरचं भाषण होतं, वक्ता 'ट्रान्सफॉर्मर' म्हणाला आणि मी सरावात बेधडक पिएन-या-छी म्हटलं. तो भाषेच्या मॉडेलच्या रचनेबद्दल बोलत होता! चिनी लोक त्या अर्थी इंग्रजी शब्दच तसाच वापरतात. बाबांनी कागद खाली ठेवला आणि म्हणाले, "यात तेल कुठे भरायचं ते विचार त्याला." त्या दिवसानंतर भाषणाचं क्षेत्र वहीच्या वरच्या कोपऱ्यात मोठ्या अक्षरात लिहिते.

टू आणि बायबद्दल अगदी बरोबर. चिनीत 'चिएन-षाओ ताओ' म्हणजे इतक्यावर आला, 'चिएन-षाओ ल' म्हणजे इतक्याने कमी झाला. वाढीत तर आणखी घोळ. इंग्रजीत उत्पादन थ्रीफोल्ड वाढलं म्हणजे तिप्पट झालं. चिनीत 'ताओ' घालून तीन पट म्हटलं तर बरोबर. 'ल' घालून म्हटलं तर काटेकोर अर्थ तीन पटींनी वाढलं, म्हणजे चौपट झालं! मराठीतही तिप्पट झाली आणि तिपटीने वाढली यात आपण गफलत करतोच. ऐकू आलं नाही तर मी विचारते. मध्येच विचारायला लाज वाटायची, आता वाटत नाही.

मोडीवाचक

मी जुन्या बडोदा संस्थानातली मोडी कागदपत्रं वाचतो. तुम्ही वहीत टिपणं कशी घेता ते लिहिलं नाहीत. मोडी वापरून बघा. हात न उचलता लिहायची लिपी आहे, शब्दांची संक्षिप्त रूपंही ठरलेली आहेत.

जाता जाता: तुमचं काम या शहराला नवं नाही, याचा अभिमान बाळगा. त्रिभुवनदास गज्जर यांनी १८९० मध्ये इथे कलाभवन सुरू केलं ते तंत्रशिक्षण देशी भाषेत मिळावं म्हणून. सयाजीराव महाराजांच्या काळात, १९३१ मध्ये, इंग्रजी राज्यकारभाराच्या शब्दांना गुजराती, मराठी, संस्कृत, हिंदी, उर्दू, फारसी, बंगाली प्रतिशब्द देणारा कोश निघाला. आणि चिनीचं म्हणाल तर १९२९ साली ज्युसेप्पे तुच्ची या इटालियन पंडिताने, मूळ संस्कृत हरवलेले बौद्ध तर्कशास्त्राचे ग्रंथ चिनी भाषांतरांवरून पुन्हा संस्कृतात आणले. ते छापले गेले इथेच, गायकवाड प्राच्य ग्रंथमालेत.

सुरसागरकाठी

@मोडीवाचक, चिनीवरून संस्कृत, आणि तेही बडोद्यात! अंगावर काटा आला. ती ग्रंथमाला काढणाऱ्या प्राच्यविद्या मंदिरावरून मी कितीदा गेलेय.

टिपणांचं सांगते. जिनेव्हाचे दुभाषी रोझाँ यांनी १९५६ मध्ये घालून दिलेली पद्धत मी धरते: शब्द लिहायचा नाही, कल्पना लिहायची, आडवं लिहायचं नाही, तिरकं खाली उतरत जायचं. कर्ता डावीकडे, क्रिया मध्ये, बाकी उजवीकडे. वाढ म्हणजे वरचा बाण. माझी स्वतःची एक भर: शास्त्रज्ञ 'कदाचित', 'अशी शक्यता आहे', 'अजून खात्री नाही' म्हणतो तिथे मी नागमोडी रेघ काढते आणि तिच्याभोवती गोल करते. कारण तेवढंच सर्वांत आधी गळतं. 'मे बी प्रेझेंट' म्हणाला आणि मी 'आहे' सांगितलं तर चंद्रावर पाण्याचा शोध मीच लावून टाकला! चिनीत 'ख-नंग' (कदाचित) ही दोनच अक्षरं, पण ती सुटली तर शास्त्रज्ञाच्या तोंडी मी खोटं घातलं असं मला वाटतं. मोडीचं मात्र मनावर घेते. शिकवाल का?

मोडीवाचक

आनंदाने. व्यनि करा.

तामसुई

मी तैवानातल्या सिन्चूत राहतो, मूळचा बडोद्यातल्या रावपुऱ्याचा. चिपच्या क्षेत्रात आहे, म्हणून एक सावधगिरी. धोलेऱ्यात तैवानी भागीदार आहे, त्यामुळे तुम्हाला तैवानी श्रोते भेटतील. चीनच्या मुख्य भूमीवरचे आणि तैवानचे शब्द वेगळे आहेत. चिप तिकडे शिन-फिएन, इकडे चिंग-फिएन. सिलिकॉन तिकडे क्वेइ, इकडे शी. सॉफ्टवेअर तिकडे र्वान-चिएन, इकडे र्वान-थी. नॅनो तिकडे ना-मी, इकडे नाय-मी. लेझर तिकडे ची-क्वांग, हा शब्द चिनी शास्त्रज्ञ छ्यान श्वेसन यांनी १९६४ मध्ये सुचवलेला, अर्थ 'उद्दीपित प्रकाश'. इकडे लेइ-ष, नुसता उच्चार. समोर कोण बसलंय ते आधी विचारून घ्या. एकमेकांचे शब्द लोकांना कळतात, पण आपला शब्द ऐकला की माणूस सैलावून बसतो.

आणि उच्चारांची भीती बाळगू नका. प-फ, त-थ, क-ख, च-छ हा भेद मराठी माणसाच्या कानात जन्मापासून असतो. माझ्या युरोपीय सहकाऱ्यांना तो महिनोन् महिने झगडून शिकावा लागला. राहतात ते चिनीचे चार सूर, म्हणजे आवाजाचे चढउतार.

सुरसागरकाठी

@तामसुई, तैवानात शिकून आल्यामुळे माझी नेमकी उलटी पंचाईत व्हायची, करजणला मी चिंग-फिएन म्हणायची आणि इंजिनियर हसायचे. आता वहीत दोन रकाने आहेत. चांद्रयानाला मात्र दोन्हीकडे 'य्वे-छ्वान' ऐकलंय, चंद्राची नाव. यान म्हणजे वाहन, त्यांनी नाव केली. ते म्हणताना मला फार बरं वाटतं.

वडापावविरुद्धखमण

धागा छान आहे. पण आता फोनमधलं अ‍ॅप हे सगळं करतं ना? इतका जीव काढायची गरज आहे का?

सुरसागरकाठी

मी स्वतः तयारीसाठी अ‍ॅप वापरते, शब्द शोधायला चांगलं आहे. पण त्या कार्यक्रमात मी बाराशे यी म्हटल्यावर पहिल्या रांगेतलं पेन थांबलं, ते मला दिसलं आणि मी दुरुस्ती केली. श्रोत्यांकडे बघत राहणं हा कामाचाच भाग आहे. चूक झाली तर ती माझी असते, मला नाव असतं, दुसऱ्या दिवशी त्याच लोकांसमोर मला उभं राहायचं असतं. म्हणून जीव काढते.

सर्वांसाठी एक गृहपाठ देते. वाक्य असं: "एप्रिल २०२३ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने राष्ट्रीय क्वांटम मिशनला मंजुरी दिली, तरतूद ६,००३.६५ कोटी रुपये." फक्त आकडा चिनी पद्धतीने सांगा. चिनी येत नसलं तरी चालेल.

कमाटीबाग

दहाने भागून ६००.३६५ यी. म्हणजे ६०० यी ३६५ वान?

निवृत्त_मास्तर

अपूर्णांकाकडे पुन्हा बघ. एक यी म्हणजे दहा हजार वान. मग .३६५ यी म्हणजे किती वान?

कमाटीबाग

३६५०! ६०० यी ३६५० वान. रविवारी मी येऊ का सरावाला?

सुरसागरकाठी

ये की. साडेआठला, न खाता ये, आई पोहे करते. काका, तुम्हीही या, बाबांना बरोबरीचं कुणीतरी हवंच आहे. त्यांनी पुढचं भाषण लिहायला घेतलंय, विषय ८०० किलोव्होल्टची डीसी वाहिनी. किलोव्होल्टला चिनीत 'छिएन-फू', हजार-व्होल्ट. म्हणजे आपले आठ लाख व्होल्ट, त्यांचे ऐंशी वान.

@रोहित्र_४४०, भाऊ, बाबा विचारतायत, त्या वाहिनीच्या दोन टोकांना असलेल्या कन्व्हर्टर स्टेशनला तुम्ही मराठीत काय म्हणता? चिनीत 'ह्वान-लिऊ-चान' आहे, प्रवाह बदलायचं ठाणं.

रोहित्र_४४०

आम्ही कन्व्हर्टर स्टेशनच म्हणतो. पण आईंना सांगायचं असेल तर असं सांगा: गावातून हायवेला लागताना टेम्पोतला माल ट्रकमध्ये भरतात आणि पलीकडे उतरल्यावर परत टेम्पोत, तशी एका टोकाला एसीची डीसी करतात आणि दुसऱ्या टोकाला डीसीची एसी. लांबचा पल्ला डीसीने कमी नुकसानीत होतो. रविवारी मीही येतो, मकरपुऱ्याहून वीस मिनिटं लागतात.